चौकटीतलं लोखंड

६ सप्टेंबर, शनिवार

दुपारी कुरिअरवाला एक खोके देऊन गेला. वर माझे नाव, टपोऱ्या अक्षरात. माझ्या नावाने घरात खोके येण्याची ही दुसरी वेळ. पहिल्या वेळी आलेले शेजारच्या इमारतीतले निघाले होते आणि ते परत करावे लागले. आज सही करताना पूर्ण नाव लिहिले. त्याला घाई होती, पण थांबला बिचारा.

आत फोटो दाखवायची फ्रेम आहे, डिजिटल. धाकटीने पाठवली. सोबत चिठ्ठी : "आई, भिंतीला खिळा मारू नकोस, टेबलावर उभी राहते."

हे वर्तमानपत्र वाचत होते. म्हणाले, "कुणाचं आहे?"

"माझं."

"पाठवलं कुणी?"

मी चिठ्ठीची घडी घातली. पाठवणाऱ्याचे नाव खोक्यावर होतेच आणि खोके ह्यांच्याच पायाशी होते.

७ सप्टेंबर, रविवार

थोरली येऊन फ्रेम लावून गेली. ती तिच्या फोनमधून फोटो पाठवते आणि चहा गाळेपर्यंत तो इथे दिसतो. धाकटीचा फोनही जोडून दिला आहे. ती आहे रेल्वेने अकरा तासांवर, पण फ्रेमला तिचे अकरा तास आणि थोरलीच्या दोन गल्ल्या सारखेच.

कुठे ठेवायची यावर बराच खल झाला. देवाजवळ जागा होती, पण तिथे नको म्हटले. प्रार्थनेला बसल्यावर शेजारी नातू दात काढून हसत असेल तर देवाकडे लक्ष राहायचे नाही. शेवटी बाहेरच्या खोलीत बुटक्या कपाटावर ठेवली. काचेवरचा पातळ प्लास्टिकचा कागद मी काढू दिला नाही. नवेपणा टिकतो. थोरली म्हणाली, "आई, धुक्यातून बघितल्यासारखं दिसतंय." दिसू दे. वस्तू वर्षानुवर्षे राहायला हवी.

आजची मोजदाद : थोरलीचे फोटो तेवीस, धाकटीचा एक. तो एक लोखंडी नळाचा. चुकून आला असणार.

११ सप्टेंबर, गुरुवार

चुकून नव्हता. आणखी पाच आले, पाचही लोखंडाचे. पाइपाला पाइप जोडलेला आणि मधे सांध्यावर खवल्याखवल्यांची पट्टी. धाकटीचे तोंड एकातही नाही. एकात तिचा हातमोजा आहे, तोही अर्धा.

ही वही मी सोडून कुणी उघडत नाही, म्हणून सगळे लिहून ठेवते. ह्यांनी एकतीस वर्षे बॉयलरच्या कारखान्यात वेल्डिंग केले. शेवटची नऊ वर्षे मुख्य कारागीर होते. टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीचे खालचे सगळे जोड ह्यांच्या हातचे. आम्ही तिकडून गेलो की मी मान वर करून बघतेच. इतक्या वर्षांत थेंबभर गळलेली नाही. पण याच कामात उजवा डोळा गेला. गरम कपची उडाली. आता त्या डोळ्याने उजेड आणि अंधार एवढेच कळते.

त्यामुळे धाकटीने दप्तर-कचेरीतली बसून करायची नोकरी सोडली आणि बंदरावर वेल्डिंग शिकायला जाते म्हणाली, तेव्हा हे म्हणाले, "ह्या घरात वेल्डिंगचा होल्डर धरायला मी एक पुरे." ती म्हणाली, "मग मी दुसऱ्या घरात धरते." दोघांचा स्वभाव एकाच साच्यातला. त्याला आता दोन वर्षे होऊन गेली. ती दर रविवारी अकरा वाजता फोन करते. हे पावणेअकराला गॅलरीत जातात आणि झाडांना पाणी घालतात. कुंड्या चारच आहेत.

१५ सप्टेंबर

धाकटीचा फोन, तोही सोमवारी. मी घाबरले. ती माझ्यापेक्षा घाबरलेली.

"आई, सगळे बरे आहात ना? फ्रेम बंद दाखवतेय कालपासून."

मी खोलीतून उठले की बटण बंद करते, त्यात काय घाबरायचे? रिकाम्या खोलीला कशाला फोटो दाखवायचे? ती हसली. म्हणाली, "असू दे चालू. वीज फार नाही खात." मग म्हणाली, "बाबा बसतात का त्या खोलीत?"

"बसतात की. त्यांची खुर्ची तिथेच असते."

मग तिने खरे सांगितले. बारा नोव्हेंबरला तिची परीक्षा आहे. बांधलेल्या पाइपाचा जोड करून दाखवायचा. पास झाली तर बंदरावरच्या पाइपवाल्यांच्या तुकडीत कायमची जागा. एकदा जूनमध्ये बसली होती, ते मला बोलली नव्हती. नापास झाली. दोनदाच बसू देतात. आता राहिली तर तिथून नाव कमी होईल आणि परत दप्तर-कचेरीत अर्ज करावा लागेल.

ह्यांना सांगितले. "हूं," म्हणाले आणि वर्तमानपत्राचे पान उलटले.

देवापुढे बसले, पण काय मागावे कळेना. पास कर म्हटले तर ती तिकडची झाली, दोन्ही डोळे पणाला लावून. नापास कर असे कोणती आई म्हणेल? पण नापास झाली तर घरी येईल, माझ्यासमोर जेवेल, हे मनात आले होते. आले ते लिहिले. शेवटी "तुला कळतं ते कर" एवढे म्हणून उठले.

२२ सप्टेंबर, सोमवार

खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई फ्रेम बघायला आल्या. मी मुद्दाम चहा उशिरा टाकला म्हणजे सगळे फोटो फिरून होतील. नातवंडे आली तेव्हा त्या "गोड, गोड" म्हणाल्या. मग लोखंड आले.

"हे काय, भंगाराचं दुकान?"

"धाकटीचं काम आहे ते," मी म्हटले. जरा ओशाळलेच.

त्या पुढे वाकल्या. "टीप सरळ आहे हो. एकसारखी. फक्त इथं दोरा संपून नवा जोडलाय, तिथं गाठ आलीय."

हे खुर्चीतून म्हणाले, "दोरा नाही, रॉड."

"काही असो. गाठ आहे."

ह्यांनी वर्तमानपत्र खाली केले आणि शिंपीणबाईंकडे असे पाहिले की मला वाटले, आता काही तरी टाकून बोलणार. पण म्हणाले, "बाईंना दुसरा चहा दे." ह्यांनी कुणाला आपण होऊन दुसरा चहा देऊ केल्याचे मला आठवत नाही.

२८ सप्टेंबर, रविवार

आज राग आला, पण कारण लिहिले की तो बारीक वाटतो. स्वयंपाकघरातून येते तर हे फ्रेमवरचा प्लास्टिकचा कागद सोलून काढत होते, नखाने, अगदी सावकाश.

"अहो, नवी वस्तू."

"दिसत नव्हतं नीट."

बरे, काढलात तर काढलात. एक समाधान आहे. ह्यांचा नातवंडांवर केवढा जीव, हे मला या वयात कळते आहे. खुर्ची कपाटाजवळ ओढून घेतली आहे, "इथे वाचायला उजेड बरा" म्हणतात. थोरलीला बोलावून फोटो बदलण्याची वेळही वाढवून घेतली. दहा सेकंदांची पूर्ण दोन मिनिटे केली. काल ह्यांनी टपालाच्या तिकिटांचे जुने भिंग शोधून काढले. नातवाचे दात मोजतात की काय, देव जाणे.

मोजदाद : थोरली एकाहत्तर, धाकटी एकतीस.

४ ऑक्टोबर, शनिवार

हे खुर्चीत बसून स्वतःशीच म्हणाले, "सहाला बिघडतंय हिचं."

मी भाजी निवडत होते. "कुणाचं?"

"कुणाचं नाही."

पण मी ऐकले होते.

५ ऑक्टोबर, रविवार

अकराला फोन आला. हे कुंड्यांकडे गेले. मी धाकटीला म्हटले, "एक सांगते, ऐक. सहाच्या सुमाराला काम करत जाऊ नकोस."

"का गं?"

"हे म्हणत होते, सहाला बिघडतंय तुझं म्हणून. दिवसभराने माणूस दमतो, हात थरथरतो. तेव्हा सहाला सरळ हात धू आणि प्रार्थनेला बस."

"आई, बाबा म्हणाले? स्वतः?"

"मग काय, शेजारचे म्हणाले?"

"नेमकं काय म्हणाले? शब्द न शब्द सांग."

मी सांगितले. तिने दोनदा वदवून घेतले. मग हसायला लागली. हसता हसता नाक ओढल्याचा आवाज आला. तिकडे समुद्राची हवा, सर्दी लवकर होते. आल्याचा काढा घे म्हटले.

७ ऑक्टोबर

धाकटीचे एकदम आठ फोटो आले. सगळे पाइपाच्या खालच्या बाजूचे, जणू जमिनीवर निजून काढलेले. प्रत्येकावर खडूने ६ लिहिले आहे. किती वाजता काम केले ते नोंदवून ठेवते वाटते. म्हणजे माझे ऐकून सहाचे काम सोडले नाहीच, पण नोंद तरी ठेवते. हिशेबी स्वभाव माझ्यावरून गेला आहे. थोरलीत हा गुण नाही.

ह्यांचे जेवण आज दोनदा गरम करावे लागले.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

आज रागच करायचा तर दोन गोष्टींचा करायला हवा. एक, माझ्या या वहीची मागची कोरी पाने कुणी तरी व्यवस्थित पट्टीने फाडली आहेत, चार पाने. दोन, ह्यांनी माळ्यावरून जुनी पत्र्याची पेटी काढून बाहेरच्या खोलीत ठेवली आणि तिच्यातली टोकदार हातोडी घेऊन बसले. नुसते हातात धरून. विचारले तर म्हणतात, "गंजलीय का बघतो." गंजली नव्हती. एकतीस वर्षे ह्यांच्या हातात काहीच गंजले नाही. ते आठवून राग गेला.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

परवा रविवारी थोरलीचे सासू-सासरे जेवायला येणार. पहिल्यांदाच फ्रेम बघतील. त्यांच्या नातवंडांचे फोटो दिसायला हवेत आणि मधेमधे हे लोखंड येते, तेही दोन दोन मिनिटे. विहीणबाईंना काय सांगू? शिवाय यंत्राच्या पोटात जागा किती असते कोण जाणे. भरले की नवे फोटो घेणार नाही.

थोरलीने पुसायचे कसे ते दाखवून ठेवलेच होते. बोट दाबून धरायचे, टोपलीचे चित्र येते, तिच्यात टाकायचे. एकेक करून चौसष्ट लोखंडे टाकली. अंगठा दुखला. आता फ्रेम कशी स्वच्छ, हसरी झाली आहे. एवढे यंत्र मी एकटीने हाताळले. मॅट्रिकला विज्ञानात मला बरे गुण होते, ते वाया गेले नाहीत.

२५ ऑक्टोबर, शनिवार

सविस्तर लिहिते.

हे सकाळी खुर्चीत बसले. पाऊण तास उठले नाहीत. मग हाक आली.

"ऐकलंस का? लोखंड कुठं गेलं?"

"पुसलं मी. पाहुणे येणार ना उद्या."

"सगळं?"

"सगळं. चौसष्ट होती."

"परत आणता येतं का?"

"टोपलीत टाकलं की गेलंच, थोरली म्हणत होती."

हे ओरडले नाहीत. ओरडले असते तर मला बरे वाटले असते. खिशातून घडी केलेले कागद काढून माझ्यापुढे ठेवले. माझ्या वहीची चार पाने. त्यांवर ह्यांच्या अक्षरात तारखा आणि प्रत्येक तारखेपुढे काही तरी लिहिलेले. "गाठ मोठी." "गाठ तीच." "कड खाल्ली." "गाठ लहान." "टोचणीएवढे भोक." शेवटची नोंद परवाची : "जवळ आली."

माझ्याच पानांवर, माझ्यासारखीच मोजदाद. आणि मी समजत होते, हे नातवंडांना बघत बसतात.

"सहा म्हणजे काय हो?" मी विचारले.

ह्यांनी बिस्किटांचा गोल डबा आडवा धरला. "हे पाइप. घड्याळ समज. वर बारा, बाजूला तीन, खाली सहा. परीक्षेत पाइप पक्का बांधतात, तो हलत नाही. आपणच त्याच्याभोवती फिरायचं, वाकायचं. सहाला आपण खाली आणि जोड डोक्यावर. वितळलेलं लोखंड खाली ओघळायला बघतं. हिचा रॉड वितळत वितळत नेमका तिथं संपतो, आणि नवा लावताना गाठ होते. गाठीच्या पोटात भोक राहतं. भोक राहिलं की नापास."

"मग सांगत का नाही तिला?"

"तू सांगितलंस की. सहाला प्रार्थना कर म्हणून."

म्हणजे गॅलरीतून ऐकू येते तर.

मी म्हटले, "मला घड्याळातलं सहा कळलं, डब्यावरचं कसं कळेल? पुढचं तुम्हीच सांगा."

त्यावर हे चपला घालून बाहेर गेले. मी देवापुढे बसले आणि आधी माफी मागितली. अठरा दिवस राहिले आहेत आणि मी मुलीची वाट पुसून टाकली, पाहुण्यांना बरे दिसावे म्हणून.

२६ ऑक्टोबर, रविवार

व्याही आणि विहीणबाई साडेदहालाच आले. पाने वाढायला घेतली आणि अकराला फोन वाजला. माझे दोन्ही हात भरलेले. व्याही म्हणाले, "घ्या हो, आम्ही घरचेच." हे गॅलरीच्या दाराशी होते. मी बघत राहिले. हे चार पावले मागे आले आणि फोन उचलला.

दोन वर्षे आणि दोन महिन्यांनी ह्यांचे पहिले शब्द : "फोटो परत पाठव. तुझ्या आईनं पुसले."

पलीकडचे मला ऐकू आले नाही.

"सगळे नकोत. सहाचेच. आणि उजेड डावीकडून धर, सावली पडते." मग, "रॉड संपला की खड्डा राहतो ना, त्या खड्ड्यातच नवा पेटवतेस तू. तिथं नाही पेटवायचा. बोटभर पुढं पेटव, मागं ये, खड्डा भर, आणि मग पुढं चालायला लाग. तू पेटवलेली जागा तुझ्याच रॉडखाली विरघळून जाते. कळलं? नाही, बोटभर. तुझं बोट नाही, माझं बोट."

जेवण गार होत होते. मी पाहुण्यांना म्हटले, "जरा कामाचं बोलणं आहे." व्याही कान देऊन ऐकत होते. ते शाळेत मुख्याध्यापक होते, कुणी शिकवत असले की त्यांना मधे बोलवत नाही. फोन ठेवल्यावर त्यांनी विचारले, "धाकटी काय करते सध्या?"

हे पानावर बसत म्हणाले, "माझंच काम."

विहीणबाईंनी माझ्याकडे पाहिले. मी भात वाढला. हात जरा सैल सुटला आणि व्याह्यांच्या पानात ढीग झाला, पण त्यांनी संपवला.

३ नोव्हेंबर, सोमवार

आता रोज फोटो येतात. हे रोज फोन करतात, आपण होऊन. बोलणे सगळे लोखंडाचे. "जेवलीस का" हे अजून मलाच विचारावे लागते. पण परवा म्हणाले, "तोंडावरची काच नीट लावतेस ना? नुसता चष्मा नाही चालत. जोडावर जमलेलं कीट काच लावल्याशिवाय ठोकायचं नाही. माझं तेच झालं होतं." डोळ्याचे हे कारण इतक्या वर्षांत मला सांगितले नव्हते. मला म्हणायचे, कपची उडाली. उडाली खरी, पण काच आधी वर केली होती म्हणून. चूक आपली होती हे आधी मुलीला सांगितले, नंतर बायकोला कळले. असो. तिच्या उपयोगाचे होते.

आज देवाला स्पष्ट सांगितले : पास कर. घरी नाही आली तरी चालेल. आधी काय मनात आले होते ते धरू नकोस.

८ नोव्हेंबर

ह्यांची आजची नोंद (मी आता वहीतले एक पान अधिकृतपणे देऊन टाकले आहे) : "गाठ नाही." दोनदा खाली रेघ.

१२ नोव्हेंबर, बुधवार

आज परीक्षा. दिवसभर फोन नाही, फोटो नाही. ह्यांनी जुन्या हातोडीचा दांडा काढून पुन्हा बसवला. मी डाळीतले खडे वेचले. वेचून झाल्यावर कळले की ही डाळ कालच वेचली होती.

संध्याकाळी तिचा निरोप, एका ओळीचा : "जोड झाला. उद्या कापून बघणार."

"कापून?" मी विचारले.

"कापतातच," हे म्हणाले. जेवले नाहीत.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

दुपारी तीन वाजता फ्रेमवर फोटो आला. मी एकटीच होते. टेबलावर लोखंडाच्या चार पट्ट्या आणि चारही वाकलेल्या. थोड्याथोडक्या नाहीत, पार दुमडून घोड्याच्या नालासारख्या झालेल्या. एवढ्या महिन्यांची मेहनत, एवढे सरळ पाइप, आणि हे असे वाकडे करून टाकले. कुणी केले असेल? रागाने तिनेच केले असेल का?

हे पायऱ्या चढून येत होते. मी दारातच म्हटले, "वाईट वाटून घेऊ नका. सगळं वाकलंय."

हे चपला न काढता आत गेले. भिंग घेतले. पहिली पट्टी बघितली, दुसरी, तिसरी. फोटो बदलला, नातू आला. ह्यांनी नातवाला बोटाने बाजूला सारले आणि परत आणला. ते ह्यांना येते हे मला माहीत नव्हते. चौथी पट्टी सगळ्यात जास्त वेळ बघितली.

"वाकवतातच गं," म्हणाले. "जोडाच्या पट्ट्या कापायच्या आणि बरोबर जोडावर दाब देऊन वाकवायच्या. दोन बाहेरून, दोन आतून. आत भोक असेल, गाठ असेल, तर तिथं चिरते. उघडते तोंडासारखी."

"आणि ह्या?"

"बघ ना तूच." भिंग माझ्या हातात दिले.

मी बघितले. बाकाच्या बाहेरच्या अंगाला, जिथे लोखंड सगळ्यात जास्त ताणले होते, तिथे जोड होता. गुळगुळीत. नखाएवढीही चीर नाही. चारही पट्ट्यांना.

शिंपीणबाईंना वर बोलावून आणले. त्या म्हणाल्या, "हे तर वाकडं आहे."

"वाकडंच असतं ते," मी म्हटले. "ताणलंय कुठं ते बघा. आतून दोन, बाहेरून दोन. उसवलंय का कुठं?" त्यांनी बराच वेळ बघितले आणि नाही म्हणाल्या. आयुष्यभर शिवणकाम केलेल्या बाईने नाही म्हटले म्हणजे नाहीच.

पाच वाजता धाकटीचा फोन. ह्यांनी स्पीकर लावून कपाटावर ठेवला आणि खुर्चीत बसले. मी ओट्यापाशी होते. पास झाली. पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून तुकडीत. बारा जण बसले होते, चौघे पास झाले, बाई ही एकटी. मग म्हणाली, "बाबा, तपासनीसांनी सहाची पट्टी हातात घेतली आणि विचारलं, कुणाच्या हाताखाली शिकलीस?"

"मग?"

"मी म्हटलं, माझ्या बाबांच्या."

हे म्हणाले, "काय म्हणालीस? ऐकू नाही आलं."

तिने पुन्हा सांगितले.

"आवाज नीट येत नाहीये. काय म्हटलं तपासनीसांना?"

तिने तिसऱ्यांदा सांगितले, जरा मोठ्याने. हे भिंग पुसत बसले होते.

मला ओट्यापाशी, नळ चालू असताना, तिन्ही वेळा शब्द न शब्द स्पष्ट ऐकू आला. ह्यांचे कान एकदा तपासून घ्यायला हवेत.